तासाला अडीच केळी

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले होते. अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात फैजपूरहून तीन मुली मला भेटायला आल्या, अकरावी-बारावीच्या. प्रश्न मोबाईलमध्ये लिहून आणले होते. सायकल कोणती घ्यायची, रोज किती किलोमीटर मारायचे, रेल्वेत खेळाडू कोट्यातून कसं लागायचं. सगळ्यांत शेवटी, जिच्या मनगटाची हाडं लांबूनही दिसत होती त्या मुलीनं विचारलं, "ताई, वजन किती ठेवायचं?"

एकोणिसाव्या वर्षी मीही हेच विचारलं होतं. तेव्हा मिळालेल्या उत्तरापायी माझं दीड वर्ष गेलं आणि डाव्या खांद्याचं हाडही. त्या मुलीला झोक्याशेजारी बसून जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून काढते आहे.

माझं गाव सावदा आणि खिरोद्याच्या मधे. चारी बाजूंनी केळी आणि उत्तरेला सातपुडा. आठवीत सरकारी योजनेतून मुलींना सायकल मिळते, तशी मलाही मिळाली. शाळेत जायला मिळालेली ती काळी, जड सायकल घेऊन मी एका रविवारी पालचा घाट चढून गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पैजही नव्हती. वर जाऊन गारबर्डी धरणाचं पाणी पाहिलं आणि परत आले. सोमवारी ही गोष्ट शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या कानावर गेली. त्यांनी मला बोलावून एकच विचारलं, "कुठे उतरून चालत गेलीस?" मी म्हटलं, उतरलेच नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी माझं नाव जिल्हा स्पर्धेत घातलं.

पहिली खरी रोड बाईक पुण्याहून आली, कुणीतरी वापरून विकलेली. त्या वर्षी आमच्या कांदेबाग केळीचा माल दिल्लीला गेला होता आणि भावही बरा लागला होता. आप्पांनी त्यातले पैसे बाजूला काढले. नात्यातल्या लोकांनी त्यांना खूप ऐकवलं, की पोरीच्या सायकलला कुणी इतके घालतं का? आप्पांनी कुणाला उत्तर दिलं नाही. सायकल खोक्यातून काढून ओसरीवर उभी केली आणि तिच्या बारीक टायरवरून बोट फिरवत बसले.

खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून सराव पहाटे साडेचारला. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर त्या वेळी केळीचे ट्रक धावत असतात आणि रस्त्याला खड्डे तर आहेतच. पहिली दोन वर्षं आप्पा मोटारसायकल घेऊन माझ्या मागे येत. त्यांच्या हेडलाईटच्या उजेडात मला पुढचा रस्ता दिसायचा आणि माझी स्वतःची लांबलचक सावली दिसायची. शेतावर निघालेल्या बायका डोक्यावरचा पदर सावरत विचारायच्या, "कुठी चालली वं माय इतक्या पहाटी?" मी चोपडा म्हटलं की त्या हसायच्या. त्यांना ती थट्टा वाटायची.

चोपड्याकडे जाताना वारा तोंडावर. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा असा येतो की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं वाटतं. एकदा सर आले आणि त्यांनी आप्पांना मागून पुढे काढलं. "हिला तुमच्या मागच्या चाकाला चिकटून चालवू द्या," म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. रोड रेसचं सगळं राजकारण त्या आडोशात असतं. कोण वारा खातंय, कोण लपलंय, शेवटच्या दोनशे मीटरला कोण बाहेर येणार. मला मात्र वारा खायला आवडायचं. ती माझी खोड होती, आणि पुढे तिचाच उपयोग झाला.

२०१६ साली बालेवाडीला गेले. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या त्या क्रीडासंकुलात सायकलिंगचा उघडा, सिमेंटचा ट्रॅक आहे. लंबवर्तुळाकार मोठं घमेलं जमिनीत पुरल्यासारखा, वळणावर भिंतीसारखा उठलेला. माझ्या हातात दिलेल्या सायकलला ब्रेक नव्हते आणि फ्रीव्हीलही नव्हतं. फ्रीव्हील नाही म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरतं आणि पेडल फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. रस्त्यावर आपण उतार आला की पाय सोडून देतो, तशी सोय इथे नाही. पहिल्याच दिवशी शर्यत संपल्याच्या आनंदात मी पाय थांबवले. सायकलनं मला वर उचललं आणि बाजूला फेकलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं गेलं. घरी आल्यावर मायला ते दाखवावंच लागलं. ब्रेक नसतो हे ऐकून ती म्हणाली, "मंग थांबता कसं?" थांबायचं नसतंच, हळूहळू पायांचा जोर उलटा लावत वेग उतरवायचा, हे तिला भाकरी थापता थापता समजावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

ट्रॅक शिकायला मला एक वर्ष लागलं. आतली काळी रेघ म्हणजे फेरीचं अंतर मोजायची, तिच्या वर लाल, त्याच्या वर निळी. काळ्या रेघेवर जितकं चिकटून राहाल तितकं अंतर कमी. वेग कमी ठेवून उंच वळणावर गेलात तर टायर घसरून सरळ खाली येता, म्हणजे भीती वाटली की वेग वाढवायचा. हे शरीराला पटायला वेळ लागतो. गिअर एकच, तो शर्यतीआधी ठरवायचा. माझा बरेच दिवस पुढे ४९ दात, मागे १४ असा होता. पायाची एक फेरी झाली की चाक साडेतीन वेळा फिरतं आणि सायकल सात मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. मग वारा असो, दम लागो, तोच गिअर.

आणि तिथे मला माझी शर्यत सापडली. इंडिव्हिज्युअल परस्यूट. दोघी समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात, आडोसा कुणाचाच नाही, फक्त तुम्ही आणि घड्याळ. महिलांसाठी तेव्हा अंतर ३ किलोमीटर होतं. चोपड्याच्या वाऱ्यात तीन-तीन तास एकटीनं काढलेल्या मुलीला ही शर्यत ओळखीची वाटली. रोड आणि ट्रॅक दोन्ही करता येतं का, असं लोक विचारायचे. मी मारियान व्होसचं नाव सांगायचे. नेदरलँड्सच्या या बाईनं २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर पॉइंट्स रेसचं सुवर्ण घेतलं आणि २०१२ ला लंडनच्या रस्त्यावर रोड रेसचं.

आता वजनाचं ते उत्तर जिथे मिळालं त्या शिबिराबद्दल. ते कुठे होतं आणि कुणाचं होतं हे लिहीत नाही, कारण तशी शिबिरं तेव्हा बरीच होती आणि त्या प्रशिक्षकांना तरी कुणी वेगळं शिकवलं होतं? २०१८ चा पावसाळा. रोज सकाळी वजनकाटा, आणि भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकीच्या नावापुढे आकडा. माझा ५६ होता. मी विचारलं, किती हवा? उत्तर आलं, "पन्नासच्या आत ये, मग बघ घाट कसा चढतेस."

ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर फसले. चढावर वजन कमी असलं की फायदा होतोच. मी रात्रीचा भात सोडला, मग पोळी सोडली. सरावाला जाताना खिशात केळं न्यायचं बंद केलं. केळीच्या बागेत वाढलेली मी, केळ्याला घाबरायला लागले. तीन महिन्यांत ५१ झाले. चढावर खरंच हलकं वाटायचं, वेळा सुधारल्या, फळ्यापुढे उभं राहून सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली.

डिसेंबरात पाळी आली नाही. जानेवारीतही नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. शर्यतीच्या दिवशी कपड्यांची चिंता नाही, पोटदुखी नाही. खोलीत आम्ही चौघी होतो, तिघींची बंद होती. "जास्त सराव झाला की असं होतं, म्हणजे आपण बरोबर करतोय," असं आम्ही एकमेकींना सांगायचो. घरी मायला फोनवर खोटं बोलले. तिला तारखा पाठ असतात, ती विचारायचीच.

बाकीची लक्षणं मी वेगवेगळी मोजत राहिले. मे महिन्यात, सावद्याच्या उन्हात, माझी बोटं गार पडायची. रात्री दोनला जाग यायची आणि पोटात खड्डा. केस न्हाणीत गुच्छानं निघायचे. लहानसहान गोष्टीवरून रडू यायचं. ट्रॅकवर पहिल्या चार फेऱ्या झकास जायच्या आणि आठव्या फेरीनंतर पाय कुणीतरी दोरीनं बांधल्यासारखे व्हायचे. घड्याळात ते स्वच्छ दिसत होतं. एक फेरी साडेअठरा सेकंदांत घेणारी मी शेवटची फेरी साडेवीसला घेत होते. उपाय म्हणून मी आणखी सराव वाढवला.

ऑक्टोबर २०१९. स्क्रॅच रेस, म्हणजे सगळ्याजणी एकत्र सुटतात आणि शेवटी जी आधी पोचेल ती जिंकते. पुढच्या मुलीच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक घासलं. चूक माझीच होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि अंतराचा अंदाज राहिला नव्हता. डाव्या खांद्यावर पडले. गळपट्टीचं हाड मोडलं. सायकलपटूंमध्ये हे नेहमीचं दुखणं, सहा-आठ आठवड्यांत बहुतेक जण परत चालवायला लागतात. माझ्या बाबतीत दहा आठवडे झाले तरी फोटोत हाड जुळताना दिसेना.

जळगावच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पाळी शेवटची कधी आली?" मी खांदा दाखवायला गेले होते. आप्पा शेजारी बसले होते. ते उठून बाहेर गेले. मी म्हटलं, २०१८ च्या नोव्हेंबरात. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे पाठवलं आणि हाडांच्या घनतेची तपासणी करायला सांगितली. विसाव्या वर्षी माझी कमरेची हाडं वयाच्या मानानं ठिसूळ निघाली.

डॉक्टरबाईंनी मला एक कागद दिला आणि कालचा दिवस लिहायला सांगितला, काय खाल्लं आणि काय केलं. मी लिहिलं. त्यांनी बेरीज केली. चार तासांच्या सरावात दोन हजारांच्या वर कॅलरी जळत होत्या आणि दिवसभरात मी खात होते जेमतेम दीड हजार. हृदय, मेंदू, हाडं, रक्त, गर्भाशय, या सगळ्यांच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं. शरीर मग काटकसर करतं. आधी पाळी बंद करतं, कारण जिवंत राहायला ती लागत नाही. ती बंद झाली की इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं भरण्याचं कामही मागे पडतं. या दुखण्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ सालीच नाव दिलं आहे, रेड-एस. खेळाडूच्या शरीरात ऊर्जेचा तुटवडा पडणं. पुरुषांनाही होतं. बायकांना निदान एक खूण दर महिन्याला मिळते, आणि आम्ही चौघी त्या खुणेला बक्षीस समजत होतो.

औषध म्हणून त्यांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं. मी पाळी येण्याची गोळी मागितली. त्या म्हणाल्या, "गोळीनं रक्तस्राव होईल, पण तुझं शरीर बरं झालं असा त्याचा अर्थ नाही. तू खा. जेवण हेच औषध."

ऐकायला सोपं वाटतं. मला ते पालच्या घाटापेक्षा अवघड गेलं. पहिल्या दिवशी मायनं कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर शेंगदाण्याचं तेल वाढलं. अर्धी भाकरी खाऊन हात थांबला. डोक्यात फळ्यावरचा आकडा. मायला मी तोवर सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. समोर बसून राहिली, माझं ताट संपेपर्यंत स्वतः जेवली नाही. असं सोळा-सतरा दिवस चाललं. ती उपाशी राहते म्हणून मी जेवायचे, आधी तेवढ्यासाठीच. सकाळी दूध-पोहे, अकराला केळी, दुपारी पूर्ण जेवण, चारला शेंगदाणे-गूळ, रात्री परत पूर्ण. पोट फुगायचं, पाय सुजायचे, वजन झपझप वाढायचं आणि मी आरशासमोर जायचं टाळायचे.

मग टाळेबंदी लागली. सगळ्या शर्यती रद्द झाल्या. आमच्याकडे वाईट दिवस होते, केळीचा भाव पडला होता, माल झाडावरच पिकत होता. आप्पा फणीच्या फणी घरी आणून ठेवायचे. ते वर्ष आम्हाला महागात पडलं, पण माझी हाडं त्याच वर्षात भरली, कारण धावायला कुठली शर्यतच नव्हती. एप्रिल २०२० मध्ये, सतरा महिन्यांनी, पाळी आली. पहाटे न्हाणीतून बाहेर येऊन मी मायला उठवून सांगितलं. तिनं त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी केली. आप्पांना कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही, चार पोळ्या खाल्ल्या.

सायकलवर परत आले तेव्हा नियम बदलले होते. लांब सरावात तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलीच पाहिजेत, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी ते केळ्यांत मोजलं, मध्यम आकाराची सव्वादोन ते अडीच. आप्पांनी जर्सीच्या मागच्या तीन खिशांत कसं बसवायचं हे शोधून काढलं. थोडी कडक, नुकती पिवळी पडलेली घ्यायची, फार पिकलेली पाठीवर चिरडतात. त्या वर्षी वजन ५७ वर स्थिरावलं, पुढे ५८. पालच्या घाटात मी ५१ किलोची असतानाची वेळ पहिल्या प्रयत्नात गाठता आली नाही. आठ महिन्यांनी ती मोडली, कारण आता वरच्या वळणांना पायात काहीतरी शिल्लक असायचं.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण मुली तेच जास्त विचारतात. युरोपात महिलांच्या सर्वोच्च दर्जाच्या संघांना २०२० साली पहिल्यांदा किमान वेतन ठरलं, वर्षाला १५,००० युरो. म्हणजे तिथेही हे कालपरवाचं आहे. आपल्याकडे सायकलवर पोट भरायचं तर खेळाडू कोट्यातून नोकरी हा मुख्य रस्ता, आणि त्यात रेल्वे मोठी. राष्ट्रीय स्पर्धेतली प्रमाणपत्रं जपून ठेवा, जाहिरातीवर नजर ठेवा, चाचणीला सायकल स्वतःची न्या. मी २०२२ मध्ये लागले. भुसावळच्या रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत वाढलेल्या घरात या बातमीला पदकापेक्षा जास्त पेढे वाटले गेले. आता महिन्याला पगार येतो, सरावाला वेळ मिळतो आणि टायर घेताना आप्पांकडे बघावं लागत नाही.

२०२५ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनं महिलांची परस्यूट ३ वरून ४ किलोमीटर केली, पुरुषांइतकीच. माझ्याबरोबरच्या काहीजणी वैतागल्या. मला मनातून आनंद झाला. शेवटचा एक किलोमीटर हा खाल्लेल्या बाईचा असतो, हे मला सायकलवर बसूनच कळलं आहे.

मागच्या महिन्यात दिल्लीला होते. इंदिरा गांधी संकुलातला ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला, २५० मीटरचा, लाकडी, वर छप्पर. बालेवाडीच्या सिमेंटनंतर त्यावर चाक टाकलं की आवाजच वेगळा येतो, खोल ढोलकीसारखा. आदल्या संध्याकाळी बाहेर गाड्यावर केळी घेतली. विक्रेत्याला विचारलं, कुठली? "जलगाँव की," तो म्हणाला. मी सहा घेतली.

दुसऱ्या दिवशी सोळा फेऱ्या. स्टार्टिंग गेटनं मागचं चाक धरलेलं, घड्याळ उलटं मोजतंय, शेवटचे पाच ठोके आणि चाक सुटतं. पहिली फेरी जडच जाते, चोवीस सेकंद. मग एक ठेका लागतो. नववीला समोरची दिसेनाशी झाली, फक्त काळी रेघ राहिली. अकरावीला पाय जळायला लागले. तेराव्या फेरीला मी त्या जुन्या दोरीची वाट बघत होते, पाय बांधणाऱ्या. ती आली नाही.

रात्री वहीत नेहमीप्रमाणे लिहिलं. ती वही मी २०२० पासून ठेवते, निळ्या शाईनं वेळा आणि लाल शाईनं पाळी. फैजपूरच्या त्या मुलीचा मधे दोनदा निरोप आला होता, वजनाचा आकडा सांगा म्हणून. तिच्या आईला घेऊन डॉक्टरबाईंकडे जा, एवढं मी कळवलं होतं, पत्ताही दिला होता. आकडा दिला नव्हता. त्या रात्री तिला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर एवढंच होतं:

"४ किमी, ५:१२.८. दहावी फेरी १९.२, सोळावी १९.०. सकाळी पोहे, दूध, दोन केळी. शर्यतीआधी एक. पाळीचा बारावा दिवस."